चार नंबरची हवा

६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिय ताई,

तुला नमस्कार, आईला नमस्कार, आणि पोटात जो कोण लाथा मारतोय किंवा मारतेय त्याला माझ्याकडून एक हळूच टिचकी. पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं, पण नववीबरोबर तेही सोडून आले. वर तारीख टाकायची तेवढं लक्षात राहिलं. आम्ही इकडे मजेत आहोत. तूही मजेत आहेस असं आई म्हणते, पण आईला विचारलं तर सगळं जगच मजेत असतं. तू स्वतः लिही. झोपून लिहिता येतं. अक्षर वाकडं आलं तरी चालेल, माझं बघ.

फोन का करत नाहीस म्हणून रागावलीस ना? फोन भावोजींचा, तो ते हातातून सोडत नाहीत. आणि तुला माहितीये, फोन कानाला लावला की माझी दातखिळी बसते. समोरचा हॅलो हॅलो करतो आणि मी नुसती मान हलवते.

थंडी अजून हटलेली नाही. सकाळी नळाच्या तोंडाला बर्फाची शेंडी आलेली असते, ती चमच्याने ठोकून पाडायची आणि मग पाणी. बागेतली झाडं नुसत्या काड्या. भावोजी म्हणतात, झाडं झोपलीयेत, आवाज करू नका, आणि हे ते इतक्या मोठ्याने सांगतात की झोपलेलं झाड उठून बसावं. ते झाडांशी बोलतात, ट्रॅक्टरशी बोलतात, क्रेटमधल्या सफरचंदांशी बोलतात, आणि कोणीच नसलं तर माझ्याशी. तू गेल्यापासून तुझ्या वाट्याचं सगळं बोलणं मला ऐकावं लागतं. जेवताना तर काही विचारू नकोस. भाजी करपली तरी त्यांना कळत नाही, त्यामुळे माझं बरं चाललंय.

माझ्या कामाबद्दल तू विचारलंस. तर ऐक. विद्यापीठाच्या शेतावर सफरचंद पिकवतात हे तुला माहितीये, पण पिकवण्यापेक्षा ती ठेवायची कशी हाच इथला मोठा अभ्यास आहे. सफरचंद तोडलं तरी श्वास घेत असतं. श्वास घेऊन घेऊन ते म्हातारं होतं, मऊ पडतं. मग आमच्या मॅडमनी, प्रयोग त्यांचाच ना, काय केलंय, थंड खोल्या बंद करून त्यातली हवाच काढून घेतलीये. म्हणजे हवा आहे, पण तिच्यातला आपल्या कामाचा भाग जवळजवळ नाही. सफरचंद कसाबसा श्वास घेतं आणि तसंच तरुण राहतं. चार नंबरच्या खोलीत सगळ्यात कमी. किती कमी हवेत सफरचंद टिकतं ते मॅडमना बघायचंय. त्याहून कमी झालं तर फळ आतून आंबतं, दारूसारखा वास येतो.

महिन्यातून एकदा त्या खोलीतून सफरचंदांनी भरलेली खुणेची एक जाळी बाहेर काढायची. दाराला छोटी झडप आहे, वाकून एक माणूस जाईल एवढी. झडप उघडून लांब आकडीने जाळी ओढायची आणि पटकन बंद करायची. मग ती फळं माझ्याकडे येतात. मी सालीची एक चकती काढते, तिथे यंत्राची दांडी दाबते, किती कडक आहे ते काट्यावर दिसतं, मग फळ मधोमध कापून आत डाग आहे का बघायचं. दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही. मॅडम म्हणाल्या माझा हात एकसारखा दाब देतो. मी लाजून कापलेलं सफरचंद खाऊन टाकलं. ते मोजायचं राहिलं होतं.

भावोजींच्या कपाळाला थोडं लागलंय. झडपेची चौकट लागली. काही नाही, पट्टी लावलीये. आई फोनवर विचारेल म्हणून आधीच सांगते.

एक काम कर. त्यांना पत्र लिहिशील तेव्हा कामावर जपून राहा असं लिही. असंच. काही कारण नाही. थंडीत घसरडं असतं ना सगळीकडे.

त्यांचं घोरणं मधल्या पडद्यातून माझ्याकडे येतं. आधी मला वैताग यायचा. आता ते थांबलं की मला जाग येते.

डाव्या कुशीवर झोप. डॉक्टर काय म्हणाले ते विसरू नकोस.

तुझी,
घुमी

२० फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्राला आईच्या तेलाचा वास होता. तू लिहिलंस की रक्तदाब पुन्हा चढला आणि डॉक्टरांनी सांगितलं, हिच्या कानावर काही वाईट पडू देऊ नका. आणि त्याच पत्रात खाली लिहिलंस, "घुमे, चौकट लागून कपाळाला पट्टी लागते होय? खरं सांग."

आता मी काय करू?

हे पत्र मी टाकीन की नाही मला माहीत नाही. पण लिहिते. तू वाचत असशील तर आधी डाव्या कुशीवर वळ. वळलीस? आईला पाणी आणायला सांग आणि ती गेली की मग पुढे वाच.

तुला आठवतं, मला कामावर घेतलं त्या दिवशी मॅडमनी आम्हाला चार नंबरसमोर उभं केलं होतं? मी तुला त्यातलं अर्धंच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "आतल्या हवेला वास नाही, रंग नाही. आत गुदमरल्यासारखं होत नाही. बरं वाटत असतं. दोन श्वास घेतले की माणूस खाली पडतो. आणि त्याला उचलायला दुसरा धावतो, तो त्याच्या अंगावर पडतो. मी असे दोघं पाहिलेत. म्हणून कोणी आत पडलं तर आत जायचं नाही. हे लाल चाक फिरवायचं, ते फिरवलं की बाहेरची हवा आत शिरते आणि भोंगा वाजतो. आणि ओरडायचं. जिवाच्या आकांताने ओरडायचं."

तर भावोजी म्हणाले, "मॅडम, ओरडायचं काम हिला देऊ नका. हिच्या पायावर कोणी पाय दिला तर ही त्यालाच सॉरी म्हणते, तेही मनातल्या मनात." सगळे हसले. मीही हसले. ड्रायव्हरकाका, ते क्रेटची गाडी चालवणारे पिकल्या मिशांचे, ते तर खोकेपर्यंत हसले.

भावोजी आत जातात, ताई.

लिहिलं एकदाचं.

ते आत जातात कारण जाळ्या चुकीच्या जागी आहेत. सगळ्याच महिन्यांच्या जाळ्या झडपेजवळच्या क्रेटवर हव्यात, आकडी पोचेल अशा. पहिल्या काही तशा होत्या, नंतरच्या मागच्या भिंतीजवळ आहेत. खोली भरली तो दिवस तुला चांगला माहीत असेल. तुला गाडीतून दवाखान्यात नेलं तो दिवस. भावोजी आत क्रेट लावत होते आणि काकांनी बाहेरून हाक मारली, "अरे सोड ते, बायकोला नेलंय!" त्यांनी हातातल्या जाळ्या समोर दिसल्या त्या क्रेटवर टाकल्या, पुढचे क्रेट दुसऱ्यांनी भराभर लावले, दार बंद झालं. ते तुझ्या उशाशी बसले होते तेव्हा इकडे मॅडमनी खोली बंद करून हवा काढायला सुरुवात केली. ते परत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्याच दिवशी सांगितलं असतं तर दार उघडून नीट करता आलं असतं. पण मॅडम त्यांना म्हणाल्या, "तुमची बायको कशी आहे? काही लागलं तर सांगा," आणि ते म्हणतात, "तिथे मला माझी चूक काढून दाखवायला जीभच उचलेना." बघ, त्यांची जीभ! मग एक आठवडा गेला, मग दोन, आणि मग ते सांगण्यासारखं राहिलंच नाही. आता दार उघडलं तर वर्षाचा प्रयोग वाया. त्यात मॅडमचे आणखी दोन विद्यार्थी अडकलेत. आणि भावोजींना वाटतं, नोकरी गेली तर क्वार्टर जाईल, आणि तू बाळाला घेऊन येणार कुठे?

तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. मी म्हणूनच हे लिहीत नव्हते. तुझा काय दोष? तुला काय हौस होती गाडीतून जायची?

तर ते श्वास कोंडून जातात. घरी त्याचा सराव चालतो. बादलीत तोंड घालतात. मी आंघोळीला थांबलेली असते आणि हे बादलीत. मळ्यात चहाच्या वेळी सगळ्यांशी पैज लावतात कोण जास्त वेळ श्वास धरतो. काका मोठ्याने आकडे म्हणतात, सगळ्यांचे चेहरे टोमॅटोसारखे होतात आणि दरवेळी भावोजी जिंकतात. लोकांना वाटतं गंमत आहे. गंमत कशासाठी चाललीये ते मला एकटीला माहीत आहे. श्वास घ्यायचं नळकांडं असतं, पाठीवर बांधायचं, पण ते मॅडमच्या कपाटात असतं आणि मागितलं तर कशाला ते सांगावं लागेल.

नियम असा की झडप उघडताना तीन माणसं हवीत. भावोजी काकांना चहाला पाठवतात. मग उरते मी. त्यांच्या कमरेला दोर, दोराचं टोक माझ्या हातात. ते म्हणतात, "तुला बोलायचंच नाहीये, नुसता दोर धरायचाय. तुझ्यासारखीला केलेलं काम आहे."

मागच्या वेळी काय झालं ते सांगते. वळलेली आहेस ना?

डोक्याला दिवा लावून ते झडपेतून आत गेले, क्रेटवरून पोटावर सरकत. मी झडपेच्या बाजूला उभी, तोंड बाहेर वळवून, कारण तिथलीही हवा वाईट असते. मध्ये मध्ये डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची. आत इतकी थंडी असते की बोललं तर तोंडातून वाफ येते. म्हणून मी वाफेकडे बघते. वाफ नाही म्हणजे श्वास कोंडलेला आहे, म्हणजे बरं आहे. त्यांनी मागे हात घातला, जाळी ओढली, वळले. सगळं झालं होतं. झडप त्यांच्यापासून दोन हातांवर होती. आणि माझ्याकडे बघून ते म्हणाले,

"मिळाली!"

एवढंच. आनंदाने. त्यांना राहवत नाही ना बोलल्याशिवाय. मला तोंडातून वाफ दिसली. एक मोठा पांढरा गोळा. आणि मला पुढचं कळलं, कारण बोलून झालं की माणूस श्वास आत घेतो. घेतोच. तू आत्ता करून बघ.

त्यांनी घेतला. आणखी एक घेतला. मग मान अशी खाली गेली जशी ते जेवून खुर्चीत बसल्यावर जाते. कपाळ क्रेटच्या कडेवर आपटलं. ताई, ते हसत होते. तोंडावर तेच मिळाली म्हणतानाचं हसू होतं. कसली धडपड नाही, काही नाही. मॅडम म्हणाल्या होत्या तस्संच.

मी ओरडले नाही.

मी तोंड उघडलं. मला आठवतंय, मी तोंड उघडलं आणि घशात कोणीतरी बोळा कोंबला. शाळेत बाई उभं करायच्या तेव्हा व्हायचं तेच. उत्तर येत असायचं आणि आवाज यायचा नाही, आणि पोरं हसायची, म्हणून तर मी सोडली शाळा. चाक माझ्यापासून चार पावलांवर होतं, पण दोर सोडला असता तर ते मागे घसरले असते. मी पाय भिंतीला लावले आणि ओढलं. किती जड आहेत गं ते. दोराने माझे हात सोलले. डोकं झडपेबाहेर आलं, खांदे आले, आणि मग त्यांनी एक असा श्वास घेतला, गाढवासारखा आवाज करून. तेवढा आवाज मी आयुष्यात विसरणार नाही.

डोळे उघडून पहिलं काय म्हणाले असतील? "अगं, पाय घसरला वाटतं." त्यांना माहीतच नव्हतं! मधलं काहीच माहीत नव्हतं. जाळी हातात घट्ट होती.

मग मी रडायला लागले तेव्हा त्यांना कळलं. ते पण घाबरले. पण थोडाच वेळ. मग त्यांनी माझा हात धरून तुझ्या बाळाची शपथ घातली, ताईला सांगायचं नाही, मॅडमना सांगायचं नाही, कोणालाच नाही. म्हणाले, "आता एकच जाळी राहिलीये. शेवटची. पुढच्या वेळी तोंडाला फडकं बांधून जातो, बोलायलाच नको, मग तर झालं?"

ती शेवटची जाळी सगळ्यात मागे आहे. भिंतीला लागून, कोपऱ्यात. दोन मार्चच्या सकाळी मॅडमना ती हवी आहे. भावोजी आदल्या दिवशी काढणार, रविवारी, शेतावर कोणी नसताना.

मला झोप लागत नाही. डोळे मिटले की वाफ दिसते. यंत्राची दांडी दाबताना माझा दाब कमीजास्त होतो, मॅडमनी परवा विचारलं, बरं नाही का तुला? काल मी त्यांच्याकडे गेले होते. खरंच गेले, आपली आपण. त्या टेबलाशी होत्या. म्हणाल्या, "काय गं? बोल." मी उभी राहिले. त्यांनी वाट बघितली, चांगल्या आहेत त्या. मग म्हणाल्या, "सुट्टी हवीये का? ताईकडे जायचंय?" मी मान हलवली, कशी हलवली मलाच माहीत नाही. त्यांनी मला चहा दिला. मी चहा पिऊन परत आले.

बाहेर आले तेव्हा आणखी एक भीती वाटली. शपथ बाळाची आहे. मी सांगितलं आणि तुला काही झालं तर? आणि नाही सांगितलं आणि त्यांना काही झालं तर? दोन्हीकडून तुझंच आहे सगळं. मी मधेच उभी आहे, दोर हातात घेऊन.

आणि खरी भीती तर अजून लिहिलीच नाही. ते आत पडले आणि ओढून निघाले नाहीत, तर मी आत जाईन. नको म्हणून सांगितलंय तरी जाईन. मला माहितीये. मला ओरडता येत नाही, मग दुसरं काय करणार मी?

हे पत्र मी गादीखाली ठेवते.

घुमी

१ मार्च, रविवार, दुपार

प्रिय ताई,

सगळ्यात आधी: भावोजी जिवंत आहेत. धडधाकट आहेत. बाहेर खुर्चीत बसलेत, बूटसुद्धा काढलेले नाहीत. हे वाचलंस ना? आता सावकाश पुढचं वाच. मागचं पत्र टाकलं नव्हतं, ते याच पाकिटात आहे. ते आधी वाचलं असशील तर डाव्या कुशीवर आहेसच.

सकाळी धुकं होतं. आम्ही दोघं चालत गेलो. वाटेत भावोजी एक शब्द बोलले नाहीत, सराव म्हणून. त्यांनी खिशातून फडकं काढून दाखवलं, तुझी जुनी ओढणी आहे, निळी, ती कापलीये. झडपेजवळ आल्यावर ते दोर बांधायला लागले. गाठ मारता मारता म्हणाले, "घाबरू नकोस गं. आजचा दिवस, मग आयुष्यात या झडपेकडे बघणार नाही. बाळाला काय सांगशील, तुझा बाप मोठा पाणबुडा होता."

आणि हसले. तेच हसू, ताई. तेच.

मी दोराचं टोक हातात घेतलं. मग खाली ठेवलं. चार पावलं चालले आणि लाल चाक फिरवलं.

ते फार घट्ट होतं. मला वाटलं फिरणारच नाही. दोन्ही हातांनी लटकले तेव्हा ते सुटलं आणि आतून असा आवाज आला जसा एखादा फार मोठा प्राणी श्वास घेतोय. मग भोंगा. तो भोंगा तू कधी ऐकला नाहीस. कानाच्या आत शिरतो. धुक्यातून गावापर्यंत गेला असेल.

भावोजी धावत आले. "अगं काय केलंस! बंद कर! सोड!" त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं मारतात. त्यांनी कधी कोणाला मारलेलं नाही, पण मला तसं वाटलं, त्यांचा चेहरा तसा झाला होता. मी चाकाला दोन्ही हातांनी मिठी मारली, डोकं त्यात घातलं आणि खाली बसले. ते माझी बोटं सोडवत होते. एक एक. "आत्ता बंद केलं तर वाचेल अजून, सोड, तुझ्या पाया पडतो, सोड!" आणि मी ओरडले.

मी काय ओरडले ते मला माहीत नाही. भोंग्यात कोणाला ऐकूही गेलं नसेल. पण भावोजींनी ऐकलं. त्यांनी बोटं सोडली आणि ते मागे झाले.

ड्रायव्हरकाका आले, एका पायात चप्पल, एका पायात नाही. मागून मॅडम, घरच्या कपड्यांत, ओले केस. मॅडमनी खोलीतली हवा दाखवणाऱ्या काट्याकडे बघितलं. तो वर चढत चालला होता. भोंगा बंद केला. सगळं इतकं शांत झालं की थेंब पडताना ऐकू येत होते.

"कोणी फिरवलं?"

भावोजी गप्प. ते, गप्प.

"मी," मी म्हणाले. नीट आवाज आला.

"का?"

त्याचं उत्तर मला देता आलं नाही. शपथ होती ना. मी भावोजींच्या कमरेकडे बघितलं फक्त. तिथे दोर होता, आणि दोराचं दुसरं टोक झडपेपाशी पडलेलं. मॅडमनी पण बघितलं. मग त्या काट्यापाशी थांबून राहिल्या, हवा पूर्ण चांगली होईपर्यंत कोणालाही हलू दिलं नाही, आणि मग दार उघडून स्वतः आत गेल्या. त्यांना मागे कोपऱ्यात ती जाळी दिसली. क्रेटच्या कडांवर भावोजींच्या बुटांचा चिखल दिसला, जुना, वाळलेला. एका क्रेटवर कपाळाचं रक्त.

मला वाटलं ओरडतील. त्या बाहेर आल्या आणि उपड्या क्रेटवर बसल्या. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले. भावोजींना म्हणाल्या, "किती वेळा?"

भावोजी कमरेची गाठ सोडायला लागले.

"अहो, मी तुम्हाला काय खाल्लं असतं का?" एवढंच म्हणाल्या, आणि मग रडल्या. मला त्याची फार भीती वाटली, ताई. मोठी माणसं अशी रडतात तेव्हा कुठे बघायचं? काका आपली मिशी ओढत उभे होते. म्हणाले, "मी चहा पीत होतो. मी मुकाट चहा पीत होतो." तेच तेच.

उद्या सकाळी भावोजींना ऑफिसात बोलावलंय. मॅडम म्हणाल्या, मी काय करू शकते ते बघते, पण वचन देत नाही, खोलीतलं वर्ष माझ्या एकटीचं नव्हतं. क्वार्टर राहील का जाईल माहीत नाही. तू बाळाला घेऊन कुठे येशील माहीत नाही. हे सगळं माझ्यामुळे झालं असं कोणी म्हणालं तर ते खरंच आहे. चार नंबरमधली सफरचंदं मी जाताना बघून आले. अजून इतकी ताजी आहेत, लालचुटुक, वाटावं काल तोडलीत. उद्यापासून तीही म्हातारी व्हायला लागतील.

घरी येताना भावोजी पुढे, मी मागे. बोलले नाहीत. मी पाणी दिलं, घेतलं नाही. जेवायला वाढलं, बसले नाहीत. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. मला वाटतं ते पुन्हा कधी माझ्याशी बोलणार नाहीत. या घरात आता दोन घुमे झालेत. मला गप्प राहायची सवय आहे, पण त्यांच्या गप्प राहण्याची नाही. भांडं ठेवलं तरी दचकायला होतं.

तुला हे कळून काही झालं तर मी काय करीन ते मला लिहिता येत नाही. बाळाची शपथ मी मोडली की नाही, तूच ठरव. मोडली असेल तर त्याचं जे काही असेल ते माझ्यावर येऊ दे, त्याच्यावर नको, असं मी सकाळपासून म्हणतेय. त्याला सांग. पोटावर हात ठेवून मोठ्याने सांग, मावशी म्हणाली म्हणून.

आणि भावोजींना रागावून लिही. खूप रागाव. माझ्याकडून राहिलं ते.

थांब.

आत्ता बाहेर घोरायला लागलेत. खुर्चीतच, मान खाली टाकून, बुटांसकट. मी दारात जाऊन बघून आले. छाती वर होते, खाली होते. बाहेर गारठा आहे, दर श्वासाला तोंडातून वाफ येतेय, पांढरी, आणि विरून जातेय, आणि पुन्हा येतेय. त्यांच्या अंगावर गोधडी टाकायची आहे पण जाग येईल म्हणून भीती वाटते.

टाकते. मग पाकीट बंद करते.

ऐकत बसलेली,
तुझी घुमी